देशप्रेम आणि देशांतर

कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे ठाणे असलेल्या गारगोटीला देशभक्ती म्हणजे काय, हे कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. १३ डिसेंबर १९४२ रोजी तेथील कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी करवीरय्या स्वामी, नारायण वारके यांच्यासह सात जणांनी प्राण दिले. त्या वेळी गारगोटी कोल्हापूर संस्थानात होती. तरीही संस्थानी सीमा ओलांडून देश नावाची एक मोठी कल्पना त्या डोंगराळ मुलखातील शेतकऱ्यांच्या मुलांना पटली होती. त्याच मुलखातील तरुणाची दृष्टी आज पुण्या-मुंबईपाशी थांबत नाही. आखाती देश, जर्मनी, कॅनडा, अमेरिका ही नावे आता एस. टी. स्थानकावरील गप्पांतही सहज येतात. देशासाठी मरणाऱ्यांच्या गावातील मुलांनी देश सोडून जाण्याची स्वप्ने पाहावीत, हा देशप्रेमाचा ऱ्हास म्हणावा काय, असा प्रश्न अनेक सुबुद्ध माणसांना पडतो. तो टाळण्याजोगा नाही.

या प्रश्नाबाबत आपल्या समाजाची भूमिका मोठी विसंगत आहे. परदेशी निघालेल्या मुलाच्या अभिनंदनाचा फलक चौकात लागतो, त्याला हार-श्रीफळ दिले जाते, आई-वडिलांची मान ताठ होते. आणि त्याच आठवड्यातील एखाद्या व्याख्यानात तरुण पिढीला देशाविषयी आस्था उरली नसल्याबद्दल टाळ्यांच्या गजरात खंत व्यक्त होते. हार घालणारे आणि टाळ्या वाजवणारे हात पुष्कळदा तेच असतात. घरात ज्याला कर्तबगारी म्हणायचे, त्यालाच सभेत कृतघ्नता ठरवायचे, अशाने विचार पुढे सरकत नाही.

प्रथम आकडे पाहू. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०११ साली १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले होते. २०२२ साली ही संख्या २,२५,६२० पर्यंत गेली आणि २०२३ मध्ये ती २,१६,२१९ होती. एकशेचाळीस कोटींच्या देशात हा आकडा नगण्य वाटेल. परंतु नागरिकत्व सोडणारा हा बहुधा शिकलेला, कमावता आणि हिकमती असतो; म्हणून त्याचे वजन डोकी मोजून कळत नाही. दुसऱ्या बाजूला, परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम २०२४ साली सुमारे १२९ अब्ज डॉलर होती, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. कोणत्याही देशाला मिळणाऱ्या अशा रकमेपेक्षा ती मोठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात येतो. तेव्हा गेलेला माणूस आपल्या घराला व गावाला विसरला, असा सरसकट आरोप या आकड्यांपुढे टिकत नाही.

इतिहासाची साक्ष

देशात राहणे म्हणजे देशप्रेम आणि बाहेर जाणे म्हणजे त्याचा अभाव, हे समीकरण तर आपल्याच इतिहासाने कधीच मोडून काढले आहे. हिंदुस्थानच्या संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, हे आकड्यांनिशी मांडणारे दादाभाई नौरोजी आयुष्याची कित्येक वर्षे लंडनमध्ये राहिले आणि १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा जन्म दक्षिण आफ्रिकेत झाला. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत पडले. मायदेशाची वाट परकीय सत्तेने बंद केली, तेव्हा त्यांनी मेक्सिकोत मका व गहू यांवर संशोधन केले आणि स्वातंत्र्यानंतर नागपुरात येऊन राहिले. या माणसांच्या देशप्रेमाचे मोजमाप त्यांच्या पत्त्यावरून करता येणार नाही.

त्याहून बोलके उदाहरण खुद्द कोल्हापूरशी जोडलेले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवीधर झाल्या. त्या परतण्यापूर्वीच कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. दुर्दैवाने फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ते काम हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. आनंदीबाईंची परतण्याची इच्छा पुष्कळ गौरवली जाते व ते योग्यच आहे. परंतु या प्रसंगाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. परतणाऱ्या विदुषीसाठी येथे जागा तयार ठेवलेली होती. देशप्रेमाला काम करावयास ठिकाण लागते, एवढा व्यवहार त्या काळातील एका संस्थानाला कळला होता.

पोटाचे अर्थशास्त्र

अर्थात बाहेर जाणारा प्रत्येक जण दादाभाई किंवा आनंदीबाई नसतो. बहुसंख्य माणसे पोटासाठी आणि मुलांच्या भवितव्यासाठी जातात. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. कोल्हापूरसारख्या दाट वस्तीच्या जिल्ह्यात तर ती याहूनही कमी आहे. दोन भावांत वाटणी झाल्यावर जो तुकडा उरतो, त्यावर दोन संसार उभे राहत नाहीत. म्हणून एक भाऊ शेतावर राहतो व दुसरा बाहेर पडतो. पूर्वी तो मुंबईच्या गिरणीत जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती वाटही खुंटत गेली. कोणी सैन्यात जातो, कोणी दुबईला. एकाच घरातील एक मुलगा सीमेवर पहारा करतो आणि दुसरा परक्या देशात पाइप जोडतो, तेव्हा त्या घरातील देशप्रेमाची वाटणी कशी करायची? दोघेही घर चालवण्यासाठीच बाहेर पडलेले असतात. एकाच्या नोकरीला राष्ट्राने मान दिला आहे, दुसऱ्याच्या नोकरीला दिलेला नाही, फरक तेवढाच.

शिकलेल्यांची गोष्ट याहून अवघड आहे. अध्यापनाची पदवी घेऊन, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन भरतीची वाट पाहणारा तरुण नेमणूक झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढतो. हे मानधन प्राथमिक शाळेत कित्येक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० करण्यात आले. महाविद्यालयांत घड्याळी तासिकेवर शिकवणाऱ्याला सुट्टीतील महिन्यांत काहीच मिळत नाही. अशा माणसाने परदेशी नोकरीचा अर्ज भरला, तर त्याला राष्ट्रनिष्ठेचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे? शिवाय राज्यसंस्थाच आता माणसे पाठवण्याच्या कामात उतरली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यासाठी १०,००० चा आकडा ठरवला. शासनाने मुलांना जर्मन भाषा शिकवून विमानात बसवायचे आणि समाजाने त्यांना उपरे ठरवायचे, ही शिक्षा अन्यायाची होईल.

जमैकाचा धडा

मग देशांतराला काहीच किंमत मोजावी लागत नाही काय? लागते, आणि ती किती मोठी असू शकते, हे कॅरिबियन समुद्रातील जमैका या बेटाकडे पाहिल्यास समजते. सुमारे २८ लाख वस्तीचा हा देश ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याचा उत्साह तेथेही आपल्यासारखाच होता. परंतु १९४८ पासून तेथील माणसे बोटी भरून इंग्लंडला जात होती. १९६२ च्या कायद्याने इंग्लंडने दार ओढून घेतल्यावर त्यांनी अमेरिका व कॅनडाचा रस्ता धरला. सत्तरीच्या दशकात पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी आपल्या समाजवादी धोरणावर नाराज असलेल्या धनिकांना मायामीला रोज पाच विमाने जातात, असे सुनावले. अनेकांनी तो सल्ला खरोखरच मानला. भांडवल गेले आणि त्यामागोमाग व्यवस्थापक, डॉक्टर व परिचारिकाही गेल्या.

आज त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी रक्कम परदेशातील जमैकन घरी पाठवतात. त्यांच्या देशप्रेमाविषयी कोणी शंका घेऊ नये. परदेशी वस्त्यांतून ते आपला झेंडा मिरवतात आणि आपल्या धावपटूंसाठी कंठशोष करतात. पण त्यांनी पाठवलेल्या पैशातून घर बांधता येते, मुलांची फी भरता येते. दवाखान्यात परिचारिका उभी करता येत नाही. आपल्याकडील परिचारिका निघून गेल्यावर जमैकाला क्यूबातून डॉक्टर व परिचारिका आणाव्या लागल्या. कुटुंबाची भरपाई होते, समाजाची होत नाही, हा जमैकाचा धडा आहे. भारत आकाराने मोठा आहे, म्हणून ही झळ त्याला एकूण हिशेबात जाणवत नाही. पण भारतातील एखादा डोंगरी तालुका जमैकापेक्षा लहानच असतो. तेथील एक डॉक्टर किंवा विज्ञानाचा एक चांगला शिक्षक गेला की ती जागा वर्षानुवर्षे भरत नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकला. संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात. एक निघून जाण्याचा, दुसरा आवाज उठवण्याचा. निष्ठा असेल तर माणूस निघून जाण्याआधी थोडा थांबतो आणि बोलून पाहतो. यातील मर्म असे की, ज्यांना जाणे सर्वांत सोपे असते, त्यांचाच आवाज बहुधा सर्वांत प्रभावी ठरला असता. गावच्या शाळेची दुरवस्था ज्याला प्रथम कळते, तो आपला मुलगा प्रथम शहरातील शाळेत घालतो. मग शाळेसाठी भांडणारा कोणी उरत नाही. तालुक्यातून शहरात आणि शहरातून परदेशात जाण्याचा न्याय हाच आहे. हानी नुसती बुद्धीची नसते. तक्रार करण्याच्या शक्तीचीही असते.

ऋण कोणाचे, कोणावर?

सरकारी खर्चाने शिकून बाहेर गेलेल्यांनी समाजाचे ऋण फेडावे, ही अपेक्षा गैर नाही. १९७२ च्या सुमारास जगदीश भगवती यांनी अशा परदेशस्थ बुद्धिवंतांच्या उत्पन्नावर कर बसवून तो मायदेशांच्या विकासासाठी वापरावा, अशी सूचना केली होती. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कोठेही असला तरी कर मागते. तेव्हा कल्पना अव्यवहार्य होती असे नाही. परंतु वसुलीसाठी श्रीमंत देशांचे सहकार्य हवे होते, आणि आयत्या मिळालेल्या डॉक्टर-इंजिनिअरांचा मोबदला देण्याची त्यांना घाई नव्हती. सूचना कागदावर राहिली. आपण २००५ च्या कायद्याने परदेशस्थ भारतीयांसाठी आजीव कार्डाची सोय केली. मतदानाचा हक्क वगळला, पण त्यांच्यावर कोणते कर्तव्यही सोपवले नाही.

मात्र ऋणाचा हिशेब एकतर्फी असू शकत नाही. याच गारगोटीत डॉ. जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठाची कल्पना साकार केली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणाऱ्या या माणसाला वाटत होते की, उच्च शिक्षण खेड्यातच, खेड्याच्या गरजांसाठी मिळावे, म्हणजे शिकलेला माणूस खेड्याला पारखा होणार नाही. १९५६ साली केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षण संस्थांची जी योजना आखली, तिच्यात गारगोटीला स्थान मिळाले. पण देशभर ती योजना हळूहळू नेहमीच्या विद्यापीठीय चौकटीत विरून गेली. कारण पदवी ग्रामीण असली तरी नोकरी शहरातच होती. नाईकांसारखे पुरुष नाममात्र मानधनावर आयुष्य वेचू शकतात. परंतु त्यागी माणसांच्या भरवशावर धर्मशाळा चालते, राष्ट्र चालत नाही. सामान्य माणसाला राहावेसे वाटेल अशी व्यवस्था हीच राष्ट्राची खरी कसोटी आहे.

तेव्हा मागणी तरुणाकडे नव्हे, प्रथम व्यवस्थेकडे केली पाहिजे. शिक्षकाची रिकामी जागा वेळेवर भरली जावी. तालुक्याच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरला राहण्यास नीट घर मिळावे. पाटगाव आज मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. तसे स्थानिक उत्पन्नाचे धंदे दहा गावांत उभे राहावेत. एवढे झाले तरी जाणारे जातील. पण ते हौसेने जातील, हताश होऊन नव्हे. आणि जे गेले आहेत त्यांच्याकडे केवळ डॉलर मागण्याऐवजी त्यांचे ज्ञान, त्यांचा वेळ आणि त्यांची टीका मागावी. टीका करणारा परदेशस्थ हा देशाशी नाते न तुटलेला माणूस असतो.

१९४२ साली सात जणांनी ज्या देशासाठी प्राण दिले, तो कोणाला कोंडून ठेवण्यासाठी नव्हता. येथील माणसाला येथेच मानाने जगता यावे, यासाठी होता. देश सोडण्याचे स्वातंत्र्य आज आपल्यापाशी आहे. देशात, आपल्या तालुक्यात, आपल्या शिक्षणाला साजेसे काम करीत राहण्याचे स्वातंत्र्य मात्र अजून अनेकांना मिळायचे आहे. ते मिळेपर्यंत जाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही.