मोठी संख्या कोणती?

फळ्यावर ८४९६५१ आणि १०७२९४२ या दोन संख्या लिहून ‘मोठी कोणती?’ असे विचारले, की काही मुले तरी पहिलीकडे बोट दाखवतात. ‘आठ एकापेक्षा मोठे’ हे त्यांचे कारण. हे उत्तर चूक म्हणून पुसण्याआधी त्यामागचा विचार पाहू. मुलाला अंक दिसतो आहे, त्याचे स्थान दिसत नाही.

या संख्या २०११ च्या जनगणनेतील आहेत : सिंधुदुर्ग व गडचिरोली जिल्ह्यांची लोकसंख्या. आता स्वल्पविराम देऊन लिहू : ८,४९,६५१ आणि १०,७२,९४२. पहिलीतले ८ म्हणजे आठ लाख, दुसरीतला १ म्हणजे दहा लाख. ‘जास्त अंक असलेली संख्या मोठी’ हा नियम आपण सांगतोच, पण का? सहा अंकी सर्वांत मोठी संख्या ९,९९,९९९. तिच्यात एक मिळवला, की १०,००,०००. म्हणून सात अंकी कोणतीही संख्या सहा अंकी संख्येपेक्षा मोठीच.

अंक तितकेच असतील तर? त्याच जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ आणि पुणे जिल्ह्याची ९४,२९,४०८ होती. दशलक्षस्थानी दोन्हीकडे ९. लक्षस्थानी ३ आणि ४. येथेच निकाल लागतो. ‘पण पुढे ५६ हजार आणि २९ हजार आहेत ना?’ असे एखादे मूल विचारील. प्रश्न चांगला आहे. ९३ लाखांपुढे सगळे नऊ लिहून पाहू : ९३,९९,९९९. तरीही ९४ लाखांना एक कमीच!

‘चारशे पाच’ ऐकून ४००५ लिहिणारे मूलही ऐकले तसेच लिहीत असते. त्याला ४०० आणि ५ अशी दोन कार्डे करून द्यावीत. ५ चे कार्ड ४०० च्या शेवटच्या शून्यावर ठेवले, की ४०५ दिसते. ५ उचलले, की खालचे शून्य पुन्हा दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी? पुढे दशांश अपूर्णांक येतात. नियम नुसता पाठ केलेले मूल ३.१२५ ही संख्या ३.५ पेक्षा मोठी ठरवते, कारण तिच्यात अंक जास्त. ‘कोणत्या स्थानावर किती?’ असे विचारायची सवय लागलेले मूल मात्र दशांशस्थानचे १ आणि ५ पाहते. नियम तेथे अपुरा पडतो. हा प्रश्न पडत नाही.