एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वेगवेगळं का ठेवायचं?

वेबसाइट बनवायला शिकताना सगळेच सांगतात, "तिन्ही कोड वेगळे ठेवा." मीही ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नाही. त्याचा फटका मात्र माझ्या मामाला बसला.

मामाच्या रोपवाटिकेसाठी मी सहा पानांची वेबसाइट केली होती. रंग आणि अक्षरांचा आकार प्रत्येक ओळीत वेगळा लिहिला. फोन नंबर तर पानावर लिहिलाच नव्हता, तो जावास्क्रिप्ट आणून दाखवायची. घरच्या वायफायवर सगळं झकास! पण ऐन जूनमध्ये मामाचा फोन आला, "अरे, गिऱ्हाईक म्हणतंय नंबरच दिसत नाही." रेंज कमी असली की स्क्रिप्टची फाइल यायचीच नाही आणि नंबरची जागा कोरी राहायची.

कोणाचं काम काय?

एचटीएमएल म्हणजे मजकूर आणि त्याची रचना: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही लिंक. सीएसएस म्हणजे दिसणं: रंग, फॉन्ट, मांडणी. जावास्क्रिप्ट म्हणजे वागणं: बटण दाबल्यावर काय होईल, फॉर्ममधली चूक लगेच कशी कळेल.

सुरुवातीला सीएसएस नव्हतंच. पुढे रंग आणि अक्षरांसाठी एचटीएमएलमध्येच 'फॉन्ट' टॅग वापरू लागले, आणि रंग बदलायचा तर प्रत्येक पान उघडावं लागे. हाकोन विउम ली यांनी 1994 मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. 1996 च्या डिसेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. 2003 साली 'सीएसएस झेन गार्डन' नावाची साइट आली. तिथे एचटीएमएल तेच ठेवून फक्त सीएसएस फाइल बदलायची, की पानाचं रूपच पालटायचं!

मी काय बदललं?

मामाचा नंबर हा मजकूर आहे, म्हणून तो एचटीएमएलमध्ये साध्या लिंकसारखा लिहिला. त्यावर बोट ठेवलं की थेट डायलर उघडतो, स्क्रिप्ट लागतच नाही. सहा पानांचे रंग एका सीएसएस फाइलमध्ये नेले. आता हिरवा रंग गडद करायचा तर एकच ओळ बदलतो. शिवाय ब्राउझर ती फाइल एकदा उतरवून साठवतो आणि पुढच्या पानांना तीच वापरतो, म्हणजे डेटाही वाचतो. जावास्क्रिप्टकडे फक्त फोटो सरकवायचं काम ठेवलं. ती आली नाही तर फोटो सरकणार नाहीत, पण गिऱ्हाईक फोन तरी करू शकेल ना!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नुसत्या तीन फाइल केल्या म्हणजे झालं असं नाही. माझी स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्येच होती, तरी घोळ झालाच, कारण एचटीएमएलचं काम मी तिच्यावर टाकलं होतं.

तुम्हीही तपासून बघा

अँड्रॉइड फोनवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज'मध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा आणि स्वतःची वेबसाइट उघडा. नाव, पत्ता, नंबर, दर दिसतायत का? दिसत असतील तर पाया पक्का आहे. नसतील तर आधी एचटीएमएल दुरुस्त करा, सजावट नंतर. आणि हो, तपासून झालं की जावास्क्रिप्ट परत चालू करायला विसरू नका!