पाण्याकडून माणसांकडे

सरावलीच्या आमच्या ओट्यावरून संध्याकाळीं तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील पाळी सुटलेली दिसते. त्या गर्दींत आमचे जुने विद्यार्थीही असतात. त्यांपैकीं एक आज लेथवरचा कुशल कारागीर आहे. शाळा सोडून यंत्रकाम शिकण्याची इच्छा त्यानें बोलून दाखविली, तेव्हां "हत्यारेंच धरावयाचीं, तर संस्कृत कशास शिकलास?" असें आम्हीं त्यास भर वर्गांत ऐकविलें होतें. तें वाक्य आज आम्हांसच टोंचतें.

या संदर्भांत सर विश्वेश्वरय्या यांचें चरित्र मननीय आहे. जन्मानें ते म्हैसूरचे, परंतु इंजिनियरीच्या विद्येनें पुण्याचे. 1884 सालीं ते मुंबई सरकारच्या नोकरींत शिरले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं योजिलेले दरवाजे पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं आपोआप उघडत व उतरलें कीं मिटत. भिंत न वाढवितां पाण्याचा सांठा वाढला. पुढें जन्मभर त्यांनीं धरणेंच बांधलीं असतीं, तरी कोणी बोट ठेवलें नसतें.

परंतु 1912 सालीं म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांची दृष्टि पाण्याकडून माणसांकडे वळली. 1916 सालीं म्हैसूर विश्वविद्यालय व 1917 सालीं बंगळूरचें इंजिनियरिंग महाविद्यालय त्यांच्या कारकीर्दींत उभें राहिलें. 1921 सालीं मुंबई सरकारनें तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाच्या विचारार्थ समिति नेमली, तिचें अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलें. यंत्र विकत मिळतें. तें चालविणारा हात मात्र घडवावा लागतो, हाच या आयुष्यक्रमाचा अर्थ आम्हांस दिसतो.

आमच्या शेजारीं तारापूरला 1969 सालीं अणुवीज निर्माण होऊं लागली. विद्यावेतन देऊन कारखान्यांत काम शिकविण्याचा उमेदवारीचा कायदा 1961 सालचा आहे. तरीही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचें नांव काढतांच आपल्या सुशिक्षित घरांत चेहरे उतरतात. विश्वकर्म्यास हात जोडावयाचे आणि त्याचीं हत्यारें धरणाऱ्यास कमी लेखावयाचें, हा कोठला न्याय?

परवां आमच्या विहिरीवरील पंपाचा दांडा झिजला. त्याच विद्यार्थ्यानें नवा कांतून आणून बसविला व पैसे घेण्याचें नाकारिलें. आम्हीं त्या जुन्या वाक्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, रामाचीं रूपें अजून पाठ आहेत."