अनशा पोटी : थायरॉईडच्या गोळीची वेळ

थायरॉईड किंवा अवटू ग्रंथी ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला लगटून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असून तिच्यात तयार होणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तात मिसळून दूरदूरच्या अवयवांच्या कामाचा वेग ठरवणारे द्रव्य, कमी पडू लागले की जी अवस्था उद्भवते तिला हायपोथायरॉइडिझम किंवा अवटू-न्यूनता म्हणतात. बोलण्यात मात्र ‘तिला थायरॉईड आहे’ एवढेच म्हटले जाते आणि ते सर्वांना कळते, इतका हा विकार आता घरोघरी परिचित झाला आहे. मुंबई व गोव्यासह देशातील आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये ही न्यूनता आढळली होती, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुष्कळ अधिक असते हे तर सर्वत्रच दिसून येते. यावरचा उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, अर्थात ग्रंथीत बनणाऱ्या संप्रेरकाची प्रयोगशाळेत घडवलेली हुबेहूब प्रतिकृती. ही गोळी बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागते, म्हणून ती दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यावी हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याचे उत्तर हजारो सकाळींना लागू पडणारे असते. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यास दिली जाणारी कार्बिमॅझोलसारखी औषधे याच्या नेमकी उलट दिशेने काम करतात. त्यांनाही ‘थायरॉईडची गोळी’च म्हणत असले तरी पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

वेळेचा प्रश्न का उद्भवतो हे समजण्यासाठी या औषधाची मात्रा जवळून पाहावी लागते. इतर बहुतेक गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजल्या जातात, तर ही मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजली जाते. त्यामुळे रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या पोटात वर्षभरात जाणारे प्रत्यक्ष औषध अवघे साडेछत्तीस मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाइतके भरते. हातात दिसणारी गोळी ही मुख्यतः तो कण धरून ठेवणारी भुकटी असते. हा कण आधी जठरातील आम्लात विरघळावा लागतो आणि मग लहान आतड्याच्या वरच्या व मधल्या भागातून शोषला जावा लागतो. पोट रिकामे असताना त्यातील साधारण ६० ते ८० टक्के भाग रक्तात पोहोचतो, आणि हे काम पहिल्या दोन-तीन तासांतच बहुतांशी उरकते. त्या वेळी पोटात अन्न असेल तर कण त्यात अडकतो, त्याच्याशी बांधला जातो आणि काही भाग तसाच पुढे निघून जातो. शिवाय रोजचे जेवण रोज सारखे नसल्यामुळे हा तोटाही रोज वेगवेगळा होतो, आणि खरी अडचण तोट्यापेक्षा या अनिश्चिततेची असते, कारण ठरावीक तोटा मात्रा वाढवून भरून काढता येतो, पण आज वीस आणि उद्या चाळीस टक्के असा हेलकावणारा तोटा कोणत्याच मात्रेने सावरत नाही.

गोळी घड्याळाच्या काट्यावर घेतली नाही तर दिवसभर थकवा येईल अशी जी समजूत पुष्कळांच्या मनात असते, तिला मात्र आधार नाही. शरीरातील औषध निम्म्यावर येण्यास जितका काळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात, आणि लेव्होथायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा आहे, म्हणजे आजची गोळी आजच्यापुरती नसून गेल्या कित्येक आठवड्यांच्या साठ्यात पडणारी एक भर असते. ही गोष्ट औषधाच्या इतिहासाच्या आरंभीच नकळत दिसून आली होती. १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचून एका अत्यवस्थ स्त्रीला बरे केले आणि ती स्त्री त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली; पुढच्याच वर्षी एडवर्ड फॉक्स यांनी मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी परतून, फळांच्या मुरांब्यासारख्या पदार्थाबरोबर आठवड्यातून एकदा खाण्यास देऊन तोच परिणाम साधला. आठवड्यातून एकदा दिलेला तो घास पुरला यामागे हाच दीर्घ अर्धायुकाल होता. पुढे एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले आणि १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते कृत्रिमरीत्या घडवून दाखवले. औषध इतके संथ असल्यामुळे सकाळी सहा की साडेसात, किंवा सकाळ की रात्र, या निवडीचा औषधाच्या परिणामाशी थेट संबंध येत नाही. संबंध येतो तो त्या वेळी पोटात काय आहे याच्याशी, आणि हा भेद एकदा मनात बसला की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रस्थापित सल्ला असा की गोळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास, शक्यतो पूर्ण एक तास, पाण्याखेरीज काही घेऊ नये. मराठी घरात हा सल्ला अडतो तो चहापाशी. इटलीत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत गोळीबरोबर किंवा तिच्या पाठोपाठ घेतलेल्या कॉफीमुळे औषधाचे शोषण घटलेले आढळले, आणि गाईच्या दुधामुळेही ते कमी होते हे पुढील काळात दाखवले गेले. तेव्हा दुधाचा चहा ‘खाणे’ नव्हे म्हणून चालतो हा तर्क सोडून द्यावा लागतो. ज्या गृहिणीला पहाटे उठून डबे करायचे असतात, पाणी यायच्या वेळेकडे लक्ष ठेवायचे असते आणि ज्या एका कपाच्या निमित्ताने पाच मिनिटे टेकायला मिळते तोच कप तासभर पुढे ढकलायचा असतो, तिच्याबाबतीत ‘सांगितलेले पाळत नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. नियम तिच्या सकाळीत बसतो का हे पाहणे वैद्यकीय सल्ल्याचाच भाग असायला हवा. ब्रशच्या पेल्याशेजारी गोळ्या ठेवून दात घासण्याआधीच गोळी घ्यायची आणि आंघोळ, पूजा, कणीक मळणे यात तो तास जाऊ द्यायचा, ही युक्ती अनेक घरांत निभावते. मात्र स्नानगृहातील दमट हवा या गोळीला मानवत नाही, म्हणून ती मूळ वेष्टनातच, ऊन व ओल लागणार नाही अशा जागी ठेवावी लागते.

रात्रीची वेळ हा सकाळच्या या अडचणीवरचा दुसरा मार्ग आहे, आणि त्याचा आधार केवळ सोयीचा नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९० रुग्णांना तीन महिने सकाळी आणि तीन महिने झोपताना गोळी देण्यात आली. कोणत्या वेळच्या कॅप्सूलमध्ये खरे औषध आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांना दोघांनाही ठाऊक नव्हते. रात्रीच्या काळात टीएसएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीकडून थायरॉईडला कामाला लावण्यासाठी सुटणारे संप्रेरक, सरासरी १.२५ एककांनी खाली आले. थायरॉक्सिन पुरेसे मिळू लागले की पियूषिकेला इतकी हाकाटी करावी लागत नाही, म्हणून टीएसएच उतरणे हे औषध अधिक पोहोचल्याचे लक्षण मानतात. रुग्णांच्या प्रत्यक्ष जाणिवेत मात्र फरक पडला नव्हता. याच्या उलट, २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात अनशा पोटी घेतलेली गोळी सर्वांत सरस ठरली होती आणि झोपतानाची गोळी न्याहारीबरोबरच्या गोळीपेक्षा थोडीच बरी निघाली होती. हरियाणातील रोहतक येथील २०११ च्या अभ्यासात नव्याने औषध सुरू केलेल्या रुग्णांमध्ये सकाळ व संध्याकाळ दोन्ही वेळा सारख्याच परिणामकारक ठरल्या. या विसंगतीचा उलगडा पुन्हा पोटाकडेच बोट दाखवतो, कारण रात्रीचे जेवण आणि गोळी यांत किती अंतर राहिले यावर सारे अवलंबून असते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही दोन्ही वेळा मान्य केल्या आहेत : न्याहारीपूर्वी एक तास, किंवा रात्रीच्या जेवणानंतर तीन किंवा अधिक तासांनी. ज्या घरात साडेसातला पाने वाढली जातात आणि साडेदहा-अकराला दिवे मालवतात, तेथे रात्रीची गोळी सकाळच्या धावपळीतल्या गोळीपेक्षा भरवशाची आहे. जेथे दहाला जेवून अकराला अंथरूण गाठले जाते, किंवा झोपण्यापूर्वी हळदीचे दूध घेण्याची सवय आहे, तेथे तिचा विचारच करू नये.

अन्नापेक्षाही औषधांची आपापसातील गाठ अधिक त्रासाची असते. कॅल्शियम आणि लोह हे दोन्ही थायरॉक्सिनच्या कणाला आतड्यातच धरून ठेवतात, आणि कॅल्शियमच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते तेव्हा १०० मायक्रोग्रॅमच्या कणासमोर ते पाच हजार पटींनी अधिक ठरते. म्हणून या दोहोंपासून, तसेच ॲल्युमिनियमयुक्त आम्लशामक औषधांपासून, चार तासांचे अंतर सांगितले जाते. ‘पित्ताची गोळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या औषधांची गोष्ट निराळी आहे : ती जठरातील आम्लच दीर्घकाळ कमी करतात, त्यामुळे दोन गोळ्यांत अंतर ठेवून प्रश्न सुटत नाही, आणि अशी गोळी नेमाने सुरू झाली किंवा बंद झाली तर थायरॉईडची मात्रा पुन्हा तपासून घेणे हाच उपाय उरतो.

या सर्व गाठी गरोदरपणात एकाच दिवसावर येऊन पडतात. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच थायरॉक्सिनची गरज साधारण पाव ते निम्म्या पटीने वाढते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईकडून मिळणाऱ्या थायरॉक्सिनवरच अवलंबून असते. गरोदरपणातच सरकारी आरोग्य केंद्रांतून लोह-फॉलिक आम्लाची रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. कॅल्शियम आणि लोह हेही एकमेकांबरोबर घ्यायचे नसते. चार गोळ्या एका मुठीत घेऊन न्याहारीनंतर एकदम गिळल्या की सारे झाले असे वाटते, आणि तीतली सर्वांत लहान गोळी जवळजवळ वाया जाते. अशा स्त्रीसाठी पहाटे सहाला थायरॉईडची गोळी, सातला चहा, दुपारी एकला जेवणाबरोबर कॅल्शियम, साडेचारला लिंबाच्या सरबताबरोबर लोह आणि रात्री साडेआठच्या जेवणाबरोबर दुसरे कॅल्शियम, असा दिवस आखता येतो. येथे रात्रीच्या गोळीची सोय उरत नाही, कारण जेवणाबरोबरचे कॅल्शियम तिच्या फार जवळ येते. हे वेळापत्रक आशा सेविकेने किंवा परिचारिकेने कागदावर लिहून दिले तर त्याचा उपयोग कोणत्याही तोंडी सूचनेहून अधिक होतो.

उपवासाचे दिवस त्या मानाने सोपे असतात. एकादशी किंवा नवरात्रात पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडतो अशी शंका घेऊन पुष्कळजणी ती वगळतात. एका दिवसाने साठा हलत नाही, पण नऊ दिवसांनी तो निश्चित उतरतो. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीच्या तासभर आधी उठणे जमत नसेल तर इफ्तारनंतर तीन-चार तासांनी, झोपताना, घेतलेली गोळी अधिक सोयीची ठरते. एखादे दिवशी सकाळी विसर पडलाच तर त्याच रात्री जेवणानंतर तीन तासांनी ती घेता येते. दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात की नाही हे स्वतःच्या मनाने न ठरवता डॉक्टरांना विचारावे.

वेळ बदलायची असेल तर ती एकदाच आणि ठरवून बदलावी. सकाळची गोळी सोडून त्याच रात्री पहिली गोळी घेतल्याने पडणारे सोळा-सतरा तासांचे जादा अंतर या औषधाच्या बाबतीत नगण्य असते. मात्र नव्या वेळेचा परिणाम रक्तात स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर तपासणी करून घाई करण्यात अर्थ नसतो. टीएसएच रात्री सर्वाधिक आणि दुपारी सर्वांत कमी असते, तर गोळी घेतल्यावर काही तास रक्तातील थायरॉक्सिन तात्पुरते चढलेले राहते, म्हणून तपासणी दर खेपेस सकाळच्याच वेळी करावी आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस व नखांसाठी बायोटिन घेतले जात असेल तर त्यामुळे अहवाल खोटा येऊ शकतो. ते किमान दोन दिवस आधी थांबवावे आणि रक्त घेणाऱ्यास तसे सांगावे.