घरातील वेदी आणि संध्याकाळची जपमाळ

ख्रिस्ती उपासना म्हणजे रविवारी चर्चमध्ये होणारी मिस्सा, असा समज ख्रिस्तेतर समाजात सरसकट आढळतो. परंतु वर्सोव्यापासून मढ, मनोरी, गोराईपर्यंतच्या ईस्ट इंडियन कॅथलिक वस्त्यांचे धर्मजीवन पाहिले, तर त्यातील मोठा भाग घराच्या चार भिंतींत आणि धर्मगुरूंच्या अनुपस्थितीत पार पडत आला आहे, असे दिसते. या मराठीभाषक समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव गोवा व मंगळूरहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी 1887 मध्ये घेतले. त्याचा धर्म मात्र 1534 च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरच्या काळातील आहे. 1737 मध्ये साष्टी आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावर पोर्तुगीज मिशनऱ्यांचे बळ ओसरले, चर्चचा भार मुख्यतः एतद्देशीय धर्मगुरूंवर आला, तरीही हा समाज आपल्या धर्मात टिकून राहिला, याचे काही श्रेय घरातील नित्य प्रार्थनेला देणे वावगे ठरणार नाही.

या प्रार्थनेचे स्थान म्हणजे बाहेरच्या खोलीतील वेदी, अर्थात क्रूस, मरियामातेची मूर्ती, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि घराण्याच्या आवडत्या संतांची चित्रे मांडलेली फळी किंवा कोनाडा. वर्सोव्याचे चर्च आरोग्यमातेच्या नावाचे असल्यामुळे तिची तसबीर तेथील वेदीवर असणे स्वाभाविकच आहे. वेदीवरील काही वस्तू चर्चमधून येतात आणि कालांतराने चर्चकडेच परततात: पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या ‘झावळ्यांच्या रविवारी’ आशीर्वादित केलेली झावळी घरी आणून क्रूसामागे खोवली जाते, वर्षभर तेथेच वाळते, आणि पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर अशा जुन्या झावळ्या जाळून केलेली राख ‘राखेच्या बुधवारी’ भाविकांच्या कपाळी लावली जाते. ऑक्टोबरातील आगेरा या सुगीच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्यांवर आशीर्वाद मागितला जातो. भातशेती उरलेली नसलेल्या गावठाणांतही हा सण टिकून आहे, ही बाब नोंदवण्याजोगी आहे.

रोजच्या उपासनेचा गाभा म्हणजे जपमाळ. तिच्या एका पाठात पाच दशके असतात, आणि प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना व दहा वेळा मरियेला नमन म्हटले जाते. प्रत्येक दशकाबरोबर येशू-मरियेच्या जीवनातील एका ‘रहस्या’चे, म्हणजे चिंतनासाठी ठरवलेल्या प्रसंगाचे, मनन करायचे असते. आनंद, दुःख आणि गौरव या तीन रहस्यमालिकांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये प्रकाशाच्या रहस्यांची जोड दिल्यापासून रहस्यांची संख्या 20 झाली. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला इतरांनी, अशी रीत असून सुरुवात करणाऱ्याला कोणतीही दीक्षा लागत नाही. हा मान बहुधा आजीकडे जातो. ज्या धर्मसंस्थेत वेदीवर अर्पण करण्याचा अधिकार स्त्रीला नाही, तिच्यातच घराच्या वेदीसमोर स्त्री पुढाकार घेते, याकडे अभ्यासकांनी दिले त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे.

घर आणि चर्च यांच्यामध्ये गावठाणातील क्रूस उभा असतो. मुंबईतील असे अनेक क्रूस 1896 च्या प्लेगच्या साथीत, संरक्षणाच्या याचनेपोटी उभारले गेले, आणि त्यांच्यापुढे शेजारची घरे एकत्र जमून, विशेषतः मे महिन्यात, मरियेच्या नावांची लितानी म्हणतात. येथेही म्होरक्या सामान्य भाविकच असतो.

घरी होणाऱ्या या उपासनेला धर्मशास्त्रीय आधार जुना आहे. पहिल्या शतकात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम कळवला आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकात राहत्या घराचेच उपासनास्थान केल्याचे उत्खननात आढळले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला जणू घरगुती चर्च म्हणून गौरवले. मुंबई धर्मप्रांतात बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने रुजलेले लघु ख्रिस्ती समुदाय, म्हणजे शेजारच्या कुटुंबांचे, आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून शुभवर्तमानाचे वाचन करणारे गट, याच विचाराचे फलित होत. मात्र घरातील वेदी आणि खासगी प्रार्थनागृह यांत चर्चचा कायदा भेद करतो: पहिलीला कोणाची परवानगी लागत नाही, दुसऱ्यासाठी बिशपांची लागते.

बैठी घरे जाऊन सदनिका आल्या तसा कोनाडाही आक्रसला आहे. तरी खरी अडचण जागेची नाही. नोकरी, लोकल आणि शिकवण्या यांच्या वेळापत्रकात सगळे घरी असतात अशी संध्याकाळच उरत नाही, आणि आजीने एकटीने म्हटलेली जपमाळ ही कुटुंबाची उपासना म्हणता येत नाही. मार्च 2020 मध्ये साथीमुळे सार्वजनिक मिस्सा थांबल्या, तेव्हा ती वेळ अनेक घरांना अनपेक्षितपणे परत मिळाली. पडद्यावर मिस्सा पाहता येत असे, परंतु ख्रिस्तप्रसाद घेता येत नसल्याने त्याऐवजी आध्यात्मिक ग्रहणाची प्रार्थना म्हणावी लागे. जपमाळेत मात्र काहीही बदलावे लागले नाही.