घरातला पडदा – लेखांक ६ : आठ फुटांवरून ८के

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या टीव्हीचा बेत ज्यांनी पुढे ढकलला होता, त्यांना निमित्त मिळालं. गेल्या लेखांकात आपण पडद्यांचे प्रकार पाहिले. आज त्यावरच्या ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा हिशेब मांडू. ४के पुरे की ८केसाठी थांबावं? सिनेमा डाउनलोड करताना सगळ्यात वरचा पर्याय निवडावा का? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घरांपुरतं माझं मत ठाम आहे. ८केचा नाद सोडा. ४के टीव्ही खुशाल घ्या. पण ४के चित्रासाठी दरमहा जास्त पैसे मोजण्याआधी हॉलमध्ये टेप धरून एक अंतर मोजा.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हाचं चित्र ६२५ रेषांचं होतं. त्याच पद्धतीचं डिजिटल रूप म्हणजे साधं एसडी चित्र, ७२० गुणिले ५७६, साधारण सव्वाचार लाख ठिपके. फुल एचडीत ते २०.७ लाख होतात, ४केमध्ये ८३ लाख आणि ८केमध्ये ३ कोटी ३२ लाख. मुंबईतली जुनी अ‍ॅनालॉग केबल ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री बंद झाली, पुढे २०१६ मध्ये स्टार प्रवाह आणि झी मराठी एचडीत दिसू लागल्या. एसडीवरून एचडीवर आल्याचा फरक घरातल्या सगळ्यांना दिसला, चष्मा न लावणाऱ्या आजोबांनासुद्धा. त्यानंतरच्या प्रत्येक उडीत ठिपके चौपट झाले, दिसणारा फरक मात्र आटत गेला. कारण डोळ्याला मर्यादा आहे.

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो, असं डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यामागचं जुनं गणित सांगतं. ते टीव्हीला लावून पाहू. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून एकमेकांत मिसळतात. ५५ इंचीचे सात फुटांपलीकडून. हाच ५५ इंची ४के असेल, तर त्याचे सगळे ठिपके वेगळे दिसायला साडेतीन फुटांवर जाऊन बसावं लागेल.

आता आपले हॉल पाहा. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर पूर्वी २२५ चौरस फुटांचं असे, मग २६९ झालं, आता ३०० आहे. पुनर्विकासात मिळालेल्या वन बीएचकेचा हॉलही बहुधा दहा फूट रुंद, आणि टीव्ही लांबीच्या भिंतीवर लावायची पद्धत. समोरच्या भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर पाठ टेकून बसलं की डोळ्यांपासून पडद्याचं अंतर साधारण आठ फूट भरतं. पुढचा सगळा हिशेब या आठ फुटांवर आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी जुनं गणित पुन्हा तपासलं. पुढे-मागे सरकवता येणारा पडदा वापरून त्यांनी लोकांना नेमकं काय दिसतं ते मोजलं. जुन्या मापाने एका अंशात ६० ठिपके ही डोळ्याची हद्द होती; काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी त्यांना ती सरासरी ९४ आढळली. रंगांच्या बाबतीत हद्द त्याहून खाली येते, पिवळ्या-जांभळ्यासाठी तर ५३ पर्यंत. डोळा समजत होतो त्याहून तल्लख निघाला, ही ४केच्या बाजूची गोष्ट, आणि ती मी मनापासून मान्य करतो. या नव्या मापाने ५५ इंचीवर फुल एचडी आणि ४के यांतला फरक आठ फुटांवरून जाणवू शकतो. ४३ इंचीवर तो जेमतेम उरतो. पण ८केला हे नवं मापही वाचवत नाही: आठ फुटांवर बसून ४केच्या पुढचा तपशील दिसायचा तर टीव्ही ७५ इंचांहूनही मोठा हवा. तो दहा फुटी हॉलमध्ये बसवायचा म्हणजे शोकेस आणि देव्हारा दोन्ही हलवावे लागतील. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ पासून ८के वाहिनी चालवली आहे. आपल्याकडे ८केमध्ये पाहावं असं जवळपास काहीच येत नाही.

शोरूममध्ये मात्र सगळ्यांना फरक दिसतो, कारण तिथे आपण दोन-तीन फुटांवर उभे असतो. शिवाय तिथलं चित्र खास पडदा दाखवण्यासाठी तयार केलेलं असतं. म्हणून टीव्ही निवडताना आठ फूट मागे सरका आणि तिथून बघा.

डोळ्याची बाजू एवढी. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, कारण तिच्याबद्दल खोक्यावर काहीच छापलेलं नसतं. फुल एचडीचं चित्र अजिबात न दाबता पाठवायचं तर सेकंदाला २५ चौकटींप्रमाणे १२४ कोटी बिट लागतील. आपल्यापर्यंत येतात पन्नास लाख, म्हणजे ५ एमबीपीएस. अडीचशेव्या हिश्श्यात चित्र बसवलेलं असतं. ४केला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग सुचवतं. तिथे मूळ माहितीच्या तीनशेतिसाव्या हिश्श्यात काम भागवायचं असतं. स्थिर चेहरा, कोरी भिंत, निळं आकाश दाबायला सोपं. पाऊस, उधळलेला गुलाल, स्टेडियममधली हलती गर्दी आली की दाबणाऱ्या सॉफ्टवेअरची दमछाक होते आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. रात्रीच्या प्रसंगांत काळोखाचे पट्टे पडतात. अशा वेळी ठिपके ८३ लाख असले तरी त्यांत भरायला माहितीच पुरत नाही. ब्लू-रे चकतीवर फुल एचडी चित्राला ४० एमबीपीएसपर्यंत मुभा आहे. म्हणूनच चांगली फुल एचडी (१०८०पी) ब्लू-रे ओढाताणीच्या ४के स्ट्रीमहून अनेकदा सरस दिसते. आयपीएल २०२३ जिओसिनेमाने ४केमध्ये, मराठी समालोचनासकट दाखवलं; पण धावता चेंडू स्पष्ट दिसण्यासाठी सेकंदाला ५० चौकटी असणं हे ठिपके चौपट करण्यापेक्षा जास्त कामाचं.

मूळ चित्र कुठून आलं तेही बघावं लागतं. २०१५ चा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ २केमध्येच, म्हणजे फुल एचडीच्या जवळपास, पूर्ण झाला होता, त्याची ४के चकती म्हणजे तेच चित्र ताणून मोठं केलेलं. त्या काळात गाजलेला अ‍ॅरीचा अलेक्सा कॅमेरा ४केपेक्षा कमी टिपत असे आणि त्यावर उत्तमोत्तम चित्रपट झाले. याउलट ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर फुल एचडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. १९५३ चा ‘श्यामची आई’ राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून जतन होऊन २०२३ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. स्मिता पाटील यांचा ‘मंथन’ फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ४केमध्ये सुधारला आणि २०२४ मध्ये तो कान चित्रपट महोत्सवात गेला. एचडीत चित्रित झालेल्या रोजच्या मालिकेला ४के टीव्ही काही जोडू शकत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल चित्रपटाला तो खरोखर न्याय देऊ शकतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

४केचा पर्याय घेतल्यावर अनेकांना चित्र उजळ आणि सखोल वाटतं ते खरं आहे. त्याचं श्रेय बहुतेक वेळा सोबत येणाऱ्या एचडीआरला आणि दहा-बिट रंगांना जातं. आठ बिटांत १ कोटी ६७ लाख रंगछटा मावतात, दहा बिटांत १०७ कोटी. त्यावर पुढचा लेखांक आहे.

स्ट्रीम टीव्हीपर्यंत नीट पोचावी म्हणून वायफायचं थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनल असतात आणि आपल्या एकेका मजल्यावर तेवढे राउटर सहज असतात. टीव्हीसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा, जमल्यास सरळ केबल जोडा.

आता डाउनलोड. ५ एमबीपीएसने दोन तासांचा सिनेमा साडेचार जीबी होतो, १५ ने साडेतेरा. घरच्या फायबरला हे जड नाही. जिओ आणि एअरटेलच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मुभा असते. अडचण मोबाइलची. बोरिवली–चर्चगेट स्लो लोकलमध्ये पाहायला रात्री एखादा भाग उतरवून ठेवणाऱ्यांसाठी गणित असं: साडेसहा इंची फोन फूटभर अंतरावर धरला तर जुन्या मापाने ७२०पीतच डोळ्याची हद्द जवळपास गाठली जाते. तल्लख डोळ्यांसाठी १०८०पी ठेवा. फोनवर त्यापुढचं उतरवणं म्हणजे बॅटरी आणि जागा दोन्हींचा नाश.

एका ठिकाणी मात्र मी ४केचा आग्रह धरीन: स्वतःचं चित्रण. बारसं, मुंज, लग्न, सोसायटीचा गणपती, हे सगळं ४केमध्येच टिपा. आयफोनवर सेकंदाला ३० चौकटींनी ४केचं एक मिनिट साधारण १७० एमबी घेतं, फुल एचडीचं ६०. जागा तिप्पट लागते, पण पुढे त्या चित्रणातून एकच चेहरा कापून फोटो काढायचा झाला तर हाताशी चौपट ठिपके असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत दाबलेली असते. लग्नाच्या फोटोग्राफरकडून पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागून घ्या आणि ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.