लेन्स डोळ्यामागे जाते का?

डोळा चोळला आणि लेन्स गायब! आरशात पापणी ताणून पाहिली तरी दिसेना. मग धसका बसतो, मागे मेंदूकडे तर सरकली नाही ना? तसं होऊच शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण, म्हणजे नेत्रश्लेष्मला, मागे जाऊन वळतं आणि पापणीला आतून अस्तर लावतं. सदऱ्याच्या खिशासारखी ही जागा तळाशी बंद. लेन्स फार तर तिथे दुमडून बसते. कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून, खाली बघत, मिटलेली पापणी हलकेच चोळली की बहुधा खाली येते.

घाबरायचंच तर नळाच्या पाण्याला घाबरा. त्यातला अकॅन्थामिबा हा सूक्ष्मजीव लेन्सला चिकटून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरला (क्वचितच, पण शिरतो), तर नजर जाऊ शकते. आंघोळीआधी लेन्स काढा.